यादोरावांच्या गिरणीतला तिसरा सीटी

"चोराच्या घरी जेवले तुम्ही, भंते?"

एक चप्पल अजून पायातच होती. दुसरी पायरीवर उलटी पडली होती. प्रशिक नंदागवळी गाडीतून उतरून तडक विहाराच्या ओट्याशी आला होता. वंदन करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

भंते उपसेन चीवराची उसवलेली कड शिवत होते. सुई थांबली नाही.

"जेवलो."

"टेंभऱ्याच्या घरी?"

"यादोरावच्या घरी. वरण, भात, वांग्याची भाजी. वांगी कोवळी होती."

"साऱ्या तालुक्याला माहीत आहे तो चोर आहे म्हणून. पेपरात फोटो आला त्याचा. आणि तुम्ही पात्र घेऊन त्याच्याच दारात उभे राहिले?"

"यादोराव घरी नव्हता," भंते म्हणाले. "बारा दिवस झाले, जेलमध्ये आहे. वाढलं त्याच्या बायकोने."

प्रशिकने दुसरी चप्पल काढली. हातातला डबा ओट्यावर जरा आपटूनच ठेवला. आईने भंतेंच्या भोजनासाठी दिलेला डबा होता तो. रस्त्यात पानठेल्यावर कुणीतरी सांगितलं, भंते काल टेंभऱ्यांकडे होते. तेव्हापासून त्याच्या कानशिलाची शीर उडत होती.

पाथरबोडीत या भंतेंना अजूनही निम्मं गाव रामटेके मिस्त्री म्हणूनच ओळखतं. वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर डोकं भादरलं, चीवर घेतलं आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या या विहारात येऊन राहिले. प्रशिक नऊ वर्षांपूर्वी कंपनीत लागला तेव्हा त्याच्याकडे पदवी होती, पण पक्कड कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. ते रामटेक्यांनी शिकवलं. आता प्रशिक सहायक अभियंता होता. रामटेक्यांच्या हाताखालून गेलेला माणूस म्हणून खात्यात त्याला मान होता, आणि तो मान त्याने एक दिवसही खाली ठेवला नव्हता.

"बस," भंते म्हणाले. "उन्हातून आलास."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने भांड."

प्रशिक बसला.

हकिगत तालुक्यात सगळ्यांना तोंडपाठ होती. यादोराव टेंभऱ्यांची तांदळाची गिरणी. महिन्याला नऊ हजार युनिट जाळणारी. गेल्या मार्चात कंपनीने जुनं मीटर काढून नवं बसवलं आणि वापर एकदम तीन हजारांवर आला. अकरा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मुख्यालयातल्या संगणकाने ओरड केली. धाड पडली, पेटी उघडली आणि वीजचोरीचा गुन्हा लागला. साठ वर्षांच्या माणसाला त्याच्याच गिरणीच्या आवारातून, कोंडा झाडणाऱ्या आठ बायांसमोर, पोलिसांच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा. बातमी देणाऱ्याने गिरणीत पाऊलही टाकलं नव्हतं. कंपनीचं पत्रक आलं, त्यात दोन स्वल्पविराम घातले, झाली बातमी.

कंपनीचं मीटर खोटं बोलत नाही. कंपनीचा माणूस चुकत नाही. मग खोटा कोण उरतो? गिऱ्हाईक. हा हिशेब इतका सोपा आहे की तो करायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

उद्या अकरा वाजता जिल्ह्याच्या कोर्टात यादोरावांच्या जामिनाची सुनावणी होती. जामिनाला कंपनीचा विरोध होता आणि तो विरोध प्रशिकच्या अहवालावर उभा होता. साहेबांनी त्याला जातीने हजर राहायला सांगितलं होतं.

"पात्र पालथं करा त्याच्यावर," प्रशिक म्हणाला.

भंतेंनी पहिल्यांदा मान वर केली.

"विनयाच्या नियमांत आहे ना तसं?" प्रशिक म्हणाला. "जो माणूस वाईट वागतो त्याच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. त्याच्यासाठी पात्र पालथं करायचं. लहानपणापासून ऐकून राहिलो."

"आहे."

"मग करा."

"एकट्या भिक्खूला तो अधिकार नाही." भंतेंनी दातांनी दोरा तोडला. "संघ बसतो. दोष लावणारा दोष सांगतो. बाकीचे ऐकतात, तपासतात, मग ठरवतात. कुण्या एकाच्या रागाने कुणाच्या घरावर पात्र पालथं होत नाही."

"इथं काय तपासायचं राहिलं?"

"तुमच्यात किती जण बसले?"

"म्हणजे?"

"मीटर कुणी लावलं?"

"मी."

"लावल्यावर तपासलं कुणी?"

"मी."

"धाड कुणाची?"

"माझंच पथक होतं."

"चोरी झाली असं कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. मग कोण लिहिणार?"

"आणि उद्या कोर्टात कोण सांगणार?"

"मीच."

"पाचही जण एकमताचे दिसतात," भंते म्हणाले.

प्रशिकच्या गालावर चपराक बसावी तसं झालं. वकिलाने हे म्हटलं असतं तर त्याने चार कलमं तोंडावर फेकली असती. हा माणूस कलमं शिकवणारा नव्हता. पेटीत हात घालण्याआधी उजवा हात पाठीमागे धरून उभं राहायला शिकवणारा होता.

"भंते, तुम्ही खात्यात होते. तुम्हाला मी काय सांगू? पेटी उघडली. तीन फेज. पहिल्या दोन्ही सरळ. तिसरीचा करंट उलटा. सरळ दिसतं, सीटी फिरवला त्याने."

सीटी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गिरणीत वीज इतकी जोरात वाहते की ती सरळ मीटरमधून नेली तर मीटर जळून जाईल. म्हणून तीन फेजच्या तीन केबलींवर एकेक कडं चढवतात. त्यालाच सीटी म्हणतात. केबलीतून जितकी वीज जाते तिचा ठरलेला बारीक वाटा हे कडं मीटरकडे पाठवतं, आणि त्यावरून मीटर पुरा आकडा मांडतं. पण कड्याला तोंड असतं. जिकडून वीज येते तिकडे ते तोंड हवं. उलटं बसलं तर मीटर त्या फेजची वीज मिळवत नाही, वजा करतं. दोन मिळवायच्या, एक वजा करायची. पंगतीला बसले तिघं आणि लिहिला गेला एक.

"बरोबर तिसरा हिस्सा?" भंतेंनी विचारलं.

"जवळपास."

"कधीपासून?"

"नवं मीटर लागलं तेव्हापासून."

"पहिल्याच महिन्यापासून?"

"हो."

"म्हणजे तू गिरणीतून निघालास, आणि गाडी फाट्यावर पोचायच्या आत यादोरावने पेटी उघडून कडं फिरवलं."

"चोर चलाख असतात, भंते."

"सीलं तोडली होती?"

इथे प्रशिक थोडा अडला. मग, जणू हाच मोठा पुरावा असावा, अशा आवाजात म्हणाला, "तेच तर सांगून राहिलो. सीलं जशीच्या तशी. नंबर माझ्या मार्चच्या रिपोर्टशी जुळणारे. इतक्या सफाईने काम केलं त्याने."

"सीलं न तोडता पेटी उघडली," भंते म्हणाले.

"हो."

"आत हात घातला, गिरणीभरचा करंट वाहणाऱ्या केबलीवरून कडं उतरवलं, उलटं केलं, पुन्हा चढवलं, पेटी मिटली. सीलं जशीच्या तशी. यादोरावला कंपनीत घ्या, बाबू. मी अठ्ठावीस वर्षांत इतका हुशार माणूस पाहिला नाही."

प्रशिक उठून उभा राहिला. ओट्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. बोडीत एक म्हैस गळ्याइतक्या पाण्यात बसली होती. तिच्याकडे बघूनही त्याला राग आला.

"तुम्ही त्याची बाजू घेऊन राहिले. काऊन? त्याने दान दिलं म्हणून?"

"तुझा डबाही दानाचाच आहे."

"माझ्या डब्यात चोरीचं काही नाही."

भंतेंनी सुई चीवराच्या काठात खोचून ठेवली, हात मांडीवर घेतले.

"राग कधी आला तुला?"

"आत्ता. पानठेल्यावर ऐकलं तेव्हा."

"तो नाही. पहिला."

"पहिला कोणता?"

"यादोरावचा पहिला राग. पेटी उघडण्याआधी आला की उघडल्यावर?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. गिरणीत शिरताना प्रशिकला राग नव्हता. उलट टेंभऱ्याने पाणी दिलं होतं, खुर्ची दिली होती, 'या साहेब, बरं झालं आले' म्हणाला होता. प्रशिकने हसून पाणी प्यायलं होतं. तोवर त्याच्यासाठी ती रोजच्यासारखी एक धाड होती.

"उघडल्यावर," तो म्हणाला.

"आत काय दिसलं?"

"सांगितलं ना. तिसरा सीटी उलटा. तोंड वरच्या बाजूला. तोंडाची खूण असलेली अक्षरं मागच्या भिंतीकडे, दिसतसुद्धा नव्हती, मोबाइल आत घालून फोटो काढला तेव्हा दिसली."

"ती केबल कुठून येते?"

"खालून. बाकीच्या दोन वरून. ती आखूड पडली होती म्हणून..."

तो थांबला. केबल आखूड पडली होती हे धाडीच्या दिवशी पाहून कळण्यासारखं नव्हतं. ती आखूड पडलेली बघायला माणूस मार्चात तिथे हजर असावा लागतो.

भंतेंनी जणू ते ऐकलंच नाही.

"तारा कशाने बांधल्या होत्या?"

"दोऱ्याने."

"आजकाल प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात म्हणे."

"मिळतात. सगळे त्याच वापरतात."

"मग दोरा कुणाचा?"

खात्यात आता कुणीच तारा दोऱ्याने बांधत नाही. मेण लावलेला दोरा, दोन वेढे, तिसरा खालून, आणि गाठ अशी की ओढली तर घट्ट होते पण तारेला काचत नाही. ही गाठ रामटेके मिस्त्रींनी एका पावसाळ्यात एका माणसाला शिकवली होती. तो माणूस ती इतक्या अभिमानाने बांधायचा की हाताखालच्यांना कधी बांधू द्यायचा नाही.

धाडीच्या दिवशी मोबाइलच्या उजेडात प्रशिकने आधी ती गाठ पाहिली होती. उलट्या बसलेल्या सीटीच्या तारांवर. न सुटलेली, न हललेली, अकरा महिन्यांचा कोंडा खाऊन बसलेली. मग त्याने मान बाहेर काढली होती आणि टेंभऱ्याला आयुष्यात कधी कुणाला दिली नव्हती अशी शिवी दिली होती.

तो राग तिथून निघाला होता. बारा दिवस तो वाढत होता. त्याच्या जोरावरच अहवाल लिहिला गेला. 'सीलशी छेडछाड केल्याचा दाट संशय' हे वाक्य लिहिताना पेनाने कागद फाटला होता.

"तो आखूड तुकडा होता, भंते," तो हळू म्हणाला. "खालून घ्यावा लागला. हाताच्या सवयीने मी तिन्ही कडी तोंड वर करून चढवली. दोघांना वर बरोबर होतं. तिसऱ्याला..."

"लोडवर, गिरणी चालू असताना, पाहिलं होतंस?"

"गिरणी बंद होती त्या संध्याकाळी."

"गिरणी बंद, तर मीटरवर काय दिसणार?"

"शून्य."

"शून्य उलटं दिसतं का सरळ? रिपोर्टात काय लिहिलंस?"

"लोडवर तपासलं, बरोबर." मग त्याचा आवाज एकदम चढला. "मार्चअखेर होती, भंते. दिवसातून चार-चार फोन वरून. इतके बसवा, तितके बसवा, आकडा द्या. परत जाऊन गिरणी चालू असताना बघायला वेळ कुणाला होता? सगळेच तसं लिहितात. तुम्ही निवृत्त झाले, तुम्हाला आता काय माहीत? वर बसलेल्यांना चूक नको असते, चोर हवा असतो. चूक सापडली तर चौकशी लागते. चोर सापडला तर शाबासकी मिळते. मी एकट्याने हा धंदा सुरू केला का?"

"नाही."

"मग माझ्यावर काऊन चिडले तुम्ही?"

"चिडलो आहे हे कळलं तुला?"

प्रशिकने पाहिलं. भंतेंचा चेहरा शांत होता. पण मांडीवरच्या हाताची मूठ मिटली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"भिक्खूला राग येतो?"

"येतो. मी तो दुसऱ्याच्या नावावर चढवत नाही."

विहारातलं घड्याळ पावणेबाराला आलं होतं. बारानंतर भिक्खू जेवत नाही, हे प्रशिकला ठाऊक होतं. त्याने डबा पुढे ओढला. बोलणं बदलायला तेवढं निमित्त पुरलं.

"जेवून घ्या, भंते. वेळ होऊन राहिली."

"उद्या काय सांगणार?"

"उद्या मी जातच नाही." हे वाक्य त्याने वाटेत तयार करून ठेवलं असावं इतक्या लवकर आलं. "आजारी पडतो. मी नाही तर कंपनीचा वकील तारीख मागेल. खोटं बोलायला नको, खरं बोलायला नको. थोडं थंड होऊ द्या सगळं."

"तारीख किती दिवसांची?"

"दहा. पंधरा."

"ते दिवस यादोराव कुठे झोपणार?"

प्रशिकने डब्याचं झाकण उघडलं. आईने ज्वारीच्या भाकरी, पाटोडी आणि लाखोळीची डाळ दिली होती. वाफ केव्हाच गेली होती. त्याने भाकरी हातात घेऊन भंतेंच्या शेजारी ठेवलेल्या पात्राकडे नेली.

भंतेंनी पात्रावर तळवा ठेवला.

भाकरी तशीच हातात राहिली. प्रशिकला वाटलं, कुणी बघत तर नाही ना. पात्र पालथं करायला तो सांगत आला होता. पालथं झालं नव्हतं, पण तळव्याखाली मिटलं होतं.

"संघ लागतो म्हणाले होते तुम्ही."

"पात्र पालथं करायला लागतो. मला भूक नाही हे ठरवायला लागत नाही."

बोडीतली म्हैस उठून काठावर आली, अंग झटकलं.

मग भंतेंनी तळवा काढला, पात्र उचललं आणि दोन्ही हातांनी प्रशिकसमोर धरलं. दारोदार उभं राहून धरतात तसं.

प्रशिकने घाईने भाकरी पुढे केली.

भंतेंनी मान हलवली.

"मग काय देऊ?"

भंते त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होते. ऑफिसची काळी पिशवी. ती त्याने गाडीत ठेवली नव्हती. ओट्यावर बसतानाही उतरवली नव्हती.

"यादोरावच्या बायकोने सांगितलं," भंते म्हणाले. "जून महिन्यात तो तुझ्या ऑफिसात आला होता. अर्ज दिला होता. पोच मागितली तर बाबू म्हणाला, ठेवून जा, साहेब बघतील."

प्रशिकने पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

अर्ज होता. एका पानाचा, निळ्या शाईत, शाळेतल्या वळणाचं अक्षर. जूनमध्ये तो टेबलावर आला तेव्हा प्रशिकने वाचला होता आणि हसला होता. वापर कमी दाखवतो म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं. 'कमी येतंय तर कुरकुर कसली', असं म्हणून कागद टपालाच्या फाइलीत सरकवला. धाडीनंतर तिसऱ्या दिवशी ऑफिस रिकामं असताना त्याने तो फाइलीतून काढला. तेव्हापासून तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता. फाडायला दोनदा हातात घेतला. दोनदा परत ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं माझ्याजवळ आहे म्हणून?"

"मला कळलं नाही. मी मागतो आहे."

पात्र तसंच समोर होतं. म्हाताऱ्याचे हात खाली येत नव्हते.

"तो कागद बाहेर आला तर माझी नोकरी जाईल, भंते. मीटर चुकीचं लावलं ते एक. अर्ज दाबला ते दुसरं. खोटा अहवाल दिला ते तिसरं. माझ्यावरच गुन्हा लागेल. वरचे हात झटकून मोकळे होतील. मग पेपरात माझा फोटो येईल."

"येईल."

"तुम्ही माझे गुरू ना? मला वाचवायचं सोडून..."

"गिरणीतल्या बायांसमोर त्याला गाडीत बसवलं तेव्हा तो काय म्हणाला?"

प्रशिकला हा प्रश्न नको होता.

"सांग."

"म्हणाला... साहेब, मी तर लिहून दिलं होतं ना."

"मग तू?"

"मी म्हटलं, कुठे आहे, दाखव."

घड्याळात बारा वाजले. विहाराच्या घड्याळाला ठोके नव्हते. काटा काट्यावर चढला, एवढंच. भंतेंचं त्या दिवसाचं जेवण गेलं. पात्र समोर होतंच.

प्रशिकने पिशवी उतरवली. आतला कप्पा उघडला. कागद चौघडी करून ठेवलेला होता, घड्यांवर मळ धरला होता. त्याने तो पात्रात ठेवला. रिकाम्या पात्रात कागदाचा किती तो आवाज.

भंतेंनी पात्र खाली ठेवलं, कागद उलगडला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला आणि मोठ्याने वाचला.

"सविनय अर्ज की, नवीन मीटर लागल्यापासून युनिट फारच कमी येत आहेत. गिरणी पहिल्याइतकीच चालते. मीटरमध्ये काही बिघाड असावा. तरी साहेबांनी स्वतः येऊन बघून जावे ही विनंती. आपला विश्वासू."

'आपला विश्वासू' हे शब्द त्यांनी परत एकदा वाचले. या खेपेला हळू.

प्रशिकने तोंड फिरवलं. त्याला रडू येत होतं आणि त्याचाही संताप येत होता.

भंतेंनी कागद होता तसा घडी घालून त्याच्यापुढे धरला.

"घे."

"मी? तुम्ही वकिलाला द्या. तुम्ही दिला तर..."

"ज्याने दाबला त्याने द्यावा."

"कोर्टात?"

"अकरा वाजता."

प्रशिकने कागद घेतला. पिशवीत नाही, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. मग पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर धरला आणि लिहायला लागला. गेल्या मार्चात टेंभरे यांच्या गिरणीत मीटर मी बसवलं. तिसरा सीटी माझ्या हातून उलटा बसला. लोडवर तपासणी केली असं मी लिहिलं, ती मी केली नव्हती. सीलं माझीच होती आणि शाबूत होती. ग्राहकाने जूनमध्ये लेखी कळवलं होतं. या वेळी कागद फाटला नाही. खाली सही केली, तारीख घातली. भंतेंना वाचून दाखवलं आणि अर्जाशेजारी खिशात ठेवलं.

भंतेंनी ऐकलं. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. सुई काढून पुन्हा दोरा ओवू लागले.

प्रशिकने डबा बंद केला. डोळे पुसले. चपला घातल्या, आणि आता आठवण झाली तशा परत काढल्या. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा वंदन केलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा निवळला होता. बारा दिवसांत पहिल्यांदा छातीत हवा पुरती शिरत होती. त्याला वाटलं, गुरूने एक शब्द बोलावा. शाबास म्हणू नये, निदान जा म्हणावं.

"भंते," तो म्हणाला, "राग गेला माझा. खरं सांगतो, मन एकदम हलकं झालं."

दोरा सुईच्या नेढ्यात जात नव्हता. भंतेंनी त्याचं टोक ओलं केलं.

"त्या मार्चात अशा किती पेट्या लावल्यास?"

प्रशिकने आठवून पाहिलं. "बेचाळीस."

"लोडवर किती पाहिल्यास?"

प्रशिकचा हात खिशातल्या त्या एका पेटीच्या कागदावर गेला आणि तिथेच थांबला.

भंतेंनी सुई खाली ठेवली.

"मग हलका कसा झालास?"